पांढरीत रुजलेले तिखट

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले मोठे गाव. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की वडकबाळजवळ सीना ओलांडावी लागते, मग मंद्रूप येते आणि पुढे टाकळीजवळ भीमा. दोन नद्यांमधली ही जमीन काळी, खोल आणि शाळूसाठी नावाजलेली. या नद्यांचा संगम तालुक्यातल्याच हत्तरसंग-कुडलला होतो. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. लिहून ठेवण्याची परंपरा या मुलखात हजार वर्षांची आहे. तरीही इथल्या रोजच्या ताटातली सर्वांत ठळक चव, म्हणजे मिरचीचे तिखट, इथे कसे स्थिरावले याचा माग शिलालेख, फर्माने आणि महसुली दफ्तरे यांतून लागत नाही. याचे कारण दफ्तरे अपुरी आहेत हे नसून मिरची जिथे वाढली ती जागा हे आहे, असे माझे म्हणणे आहे. जुन्या दख्खनी गावाचे दोन भाग असत. कसायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. सरकारी कागद काळीचा हिशेब ठेवत. मिरची मात्र पांढरीत रुजली: घरामागच्या परसात, परड्यात, कानडी बोलणाऱ्या घरांच्या हित्तलात. तिथे ती बायकांच्या हातांनी टिकली आणि तिथून काळीत उतरली. मंद्रूपसारख्या गावाच्या मिरचीचा इतिहास हा परसाचा इतिहास आहे, आणि तो तसा वाचला तरच त्यातली कोडी सुटतात.

आधी मिरची येण्यापूर्वीचे स्वयंपाकघर पाहू. भीमा-सीनेचा हा पट्टा बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे आणि त्याचा काळ साधारण ११३० धरला जातो. त्यातला अन्नाचा भाग फार तपशिलाचा आहे. वडे, पुऱ्या, धिरड्यांसारखे पदार्थ, मांसाचे अनेक प्रकार आणि ते कशाने चविष्ट करायचे हे त्यात सांगितले आहे. तिखटासाठी तिथे मिरे, आले, सुंठ, मोहरी आणि हिंग येतात, मिरची येत नाही. आयुर्वेदातही तीच स्थिती दिसते. चरक-सुश्रुतांपासून चालत आलेले तिखटाचे ठरीव त्रिकूट म्हणजे त्रिकटू: सुंठ, मिरे आणि पिंपळी. ज्या शास्त्राने प्रत्येक रानपाल्याचा रस, वीर्य आणि विपाक नोंदवला, त्याने मिरचीसारखी झणझणीत वस्तू हाताशी असताना वगळली असती, हे पटण्यासारखे नाही.

या जुन्या तिखटाचा एक विशेष मंद्रूपच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मिऱ्याचा वेल मलबारच्या ओल्या, सावलीच्या हवेत वाढतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. इथे मिऱ्याचा वेल जगणे शक्य नाही. पिंपळी आणि आले यांनाही ओल आणि सावली लागते. म्हणजे मिरचीपूर्व काळात या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला जेवणात तिखट हवे असेल तर मोहरी आणि लसूण वगळता बहुतेक सगळे विकत आणावे लागे, आणि मिरे हा तर सातासमुद्रापारच्या व्यापाऱ्यांना खेचून आणणारा माल होता. राजाच्या मुदपाकखान्यात तो असेल, देवळाच्या कोठारात असेल, सावकाराच्या घरी सणाला येत असेल. कोरडवाहू कुणब्याच्या रोजच्या भाकरीवर तो नव्हता. दारापुढे लावता येईल असे पहिले खरे तिखट या मुलखाला मिरचीने दिले.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत ती हजारो वर्षांपूर्वी माणसाच्या शेतीत आली. कोलंबस १४९२ साली त्या किनाऱ्याला लागल्यानंतर ती बाहेर पडली. वास्को द गामा १४९८ला कालिकतला पोचला, १५००पासून पोर्तुगिजांचा ब्राझीलशी संबंध आला आणि १५१०मध्ये आल्फोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला. इथे मंद्रूपचा भूगोल कामाला येतो. पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो विजापूरच्या आदिलशहाकडून, आणि सोलापूरचा किल्ला त्या शतकात आदिलशाही आणि निजामशाही यांच्या ओढाताणीत होता. गोवा हातचा गेला तरी घाटमाथ्याशी असलेला व्यापार तुटला नाही. घोडे, कापड आणि धान्य यांची ने-आण करणारे तांडे किनारा आणि विजापूर यांच्यात फिरतच राहिले. सोलापूर आणि विजापूर यांच्या मधोमध, दोन नद्यांच्या उतारांजवळ असलेले गाव या वाटांच्या अंगावरच होते. नवी वनस्पती गोव्याहून दख्खनच्या पठारावर चढली असेल तर ती या पट्ट्यात लवकर पोचली असणार, हे अनुमान सरळ आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला असा की मिरची इथलीच, प्राचीन आहे. त्यासाठी पुरंदरदासांच्या नावावर असलेल्या मिरचीवरच्या कानडी पदाचा दाखला देतात. पुरंदरदासांचा काळ १४८४ ते १५६४ मानतात. ते विठ्ठलाचे भक्त, आणि ज्या पंढरपूरला हा भक्तिसंप्रदाय जोडलेला आहे ते आज सोलापूर जिल्ह्यातच आहे. त्यामुळे हा दाखला इथल्या माणसाला जवळचा वाटतो. पण ते पद त्यांचे आहे असे मानले तरी प्राचीनतेचा पक्ष सिद्ध होत नाही. गोवा पडला तेव्हा पुरंदरदास विशी-पंचविशीत होते आणि त्यानंतर अर्धे शतक ते जगले. त्या अर्ध्या शतकात मिरची कानडी मुलखात पोचली असेल, तर पद फक्त तिच्या वेगाची साक्ष देते. शिवाय भजने तोंडोतोंडी चालत आली आणि त्यांत पुढच्या पिढ्यांनी भर घातली, हेही विसरता येत नाही. म्हणून मी त्या पदावर फार भार टाकणार नाही. पण टाकायचाच झाला तर तो मिरचीच्या पोर्तुगीज वाटेच्या बाजूने पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रंथांत उल्लेख नाही म्हणून वस्तू नव्हती, हा तर्क पोकळ असतो, आणि तो वापरायचाच तर सोळाव्या शतकालाही लावा, असे तो म्हणतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे १५९०च्या दशकात, बादशाही पाककृतींसाठी लागणाऱ्या जिनसांची वजने दिलेली आहेत. तिथेही मिरे आहेत, मिरची नाही. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’ने फिरंग्यांबरोबर आलेल्या फिरंगरोगाची दखल घेतली, पण त्याच्या निघंटूत मिरचीला जागा मिळाली नाही. मग त्या काळीही मिरची नव्हती असे म्हणायचे का? इथे मौनाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. ‘मानसोल्लासा’चे आणि त्रिकटूचे मौन मोलाचे आहे, कारण त्या काळी जगाच्या या भागात मिरची कुठेच नव्हती हे वनस्पतिशास्त्राने स्वतंत्रपणे सांगितले आहे, आणि मौन त्या निष्कर्षाशी जुळते. ‘आईन’चे मौन निराळे आहे. ती राजाच्या स्वयंपाकघराची यादी आहे. मोठ्यांच्या घरची यादी नेहमी मागे असते, कारण ती प्रतिष्ठेने बांधलेली असते. मिऱ्याला शतकांची प्रतिष्ठा होती. मिरची गोरगरिबांच्या परसातली. परसातून मुदपाकखान्यात जायला तिला वेळ लागला, आणि ज्या ग्रंथांवरून आपण तिचे वय ठरवायला जातो ते सगळे मुदपाकखान्याच्या बाजूचे आहेत.

देवळांचे स्वयंपाक याला दुजोरा देतात. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही मिरची, बटाटा आणि टोमॅटो चालत नाहीत. तिखटपणा मिऱ्यानेच आणतात. दक्षिणेतल्या अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीऐवजी मिरे पडतात. जिथे जुने नियम काटेकोर राहिले तिथे मिरचीला दार बंद राहिले. आपल्याकडच्या उपासाचे ताट उलट बाजूने तेच सांगते. हिरवी मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि साबुदाणा, म्हणजे मराठी उपासाचे मुख्य जिन्नस, सगळे अमेरिकेतून आलेल्या वनस्पतींचे. आषाढी एकादशीला पंढरीच्या वाटेवर खाल्ली जाणारी खिचडी जुन्या निषेधांच्या यादीत नसलेल्या वस्तूंनी बनलेली आहे. शास्त्राने ज्यांची नावे घेतली नव्हती, त्या वस्तूंना घरातल्या बायकांनी उपासाच्या ताटात जागा दिली. नवी वनस्पती समाजात शिरते ती आधी घराच्या मागच्या दाराने, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचित मिळेल.

आता परसाकडे वळू. मिरची परसात रुजली असे म्हणण्याला मुख्य आधार तिच्या बियांचा आहे. बाजारातले काळे मिरे कच्चेच तोडून वाळवलेले असतात. त्यांतून वेल उगवत नाही, आणि वेलाची लागवड मुळात छाट्यांनी होते. म्हणून मिऱ्याचा व्यापार शतकानुशतके मलबारच्या ताब्यात राहू शकला. लाल वाळलेली मिरची मात्र माल आणि बियाणे दोन्ही असते. एका मिरचीत पन्नासाच्या घरात बिया असतात, आणि कोरड्या जागी ठेवल्या तर त्या दोन-तीन वर्षे उगवतात. तांड्यातल्या बैलवाल्याने मूठभर मिरच्या दिल्या की त्या घराला पुन्हा कुणाकडे मागायची गरज राहत नाही. त्यात पक्ष्यांची मदत आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिन या द्रव्याचा दाह सस्तन प्राण्यांना होतो, पक्ष्यांना होत नाही. ट्यूक्सबरी आणि नाभान या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की रानमिरची पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी शाबूत पडते. उकिरड्याजवळ किंवा कुंपणाखाली आपोआप उगवलेली लवंगी मिरची खेड्यात सर्वांनी पाहिलेली असते. अशा वनस्पतीच्या प्रसाराला ना मोठा व्यापारी लागतो, ना राजाज्ञा.

दुसरा आधार मातीचा आणि पाण्याचा. मंद्रूपची खोल काळी जमीन शाळूला उत्तम, कारण ती पावसाळ्यात पाणी धरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेला शाळू त्या ओलीवर हिवाळा काढतो. मिरचीला हेच नको असते. पाणी साचले की तिची मुळे कुजतात आणि झाड मरते. जमीन फाटू लागली की ती पाण्यावाचून सुकते. तिला निचरा हवा आणि थोडे थोडे, पण रोजचे पाणी हवे. पांढरीची माती नेमकी तशी असते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती यांनी ती भुसभुशीत झालेली. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी तिथे रोज पोचते. उष्णता चाळिशीकडे गेली की मिरचीची फुले गळतात, पण घराच्या भिंतीच्या किंवा शेवग्याच्या सावलीत झाड तग धरते. शेतात मिरची हंगामी पीक आहे. परसात पाणी मिळत राहिले तर तेच झाड दोन-तीन वर्षे जगते आणि तोडावे तसे फळत राहते. चुलीतली राख पानांवर उधळून किडीला आवर घालायचा, हा उपायही घराजवळच जमतो. मोटेचे पाणी ज्याच्याकडे नव्हते, विहीर ज्याच्या नावावर नव्हती, त्यालाही मिरचीची पाच-सहा झाडे लावता येत होती. जातीने आणि जमिनीने वाटलेल्या गावात ही गोष्ट साधी नव्हती.

मग कागदांत ती का दिसत नाही? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात काळी आणि पांढरीची ही विभागणी आणि तिच्याभोवती बांधलेली गावाची सारी व्यवस्था आली आहे. राज्य कुणाचेही असो, सारा बसे तो काळीवर. घरपट्टी आणि मोहतर्फा होते, पण ते घरावर आणि धंद्यावर, परसातल्या चार झाडांवर नव्हे. ब्रिटिशांच्या १८७९च्या जमीन महसूल कायद्यानेही गावठाणातल्या घरांच्या जागा शेतसाऱ्यातून वगळल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड १८८४ साली निघाला. त्यात पिके एकरांनी मोजली आहेत. मिरची येते ती मसाल्याच्या पिकांत, शेतात लावली तेवढी. परसातली मिरची एकरांत मावत नाही, विकली जात नाही, तिच्यावर कर नाही, म्हणून ती आकड्यांत नाही. सरकारने जे मोजले तेच इतिहास म्हणून आपल्यापुढे आले. जे मोजले नाही त्यावर गाव जेवत होते.

इथे एक रास्त हरकत विचारात घ्यावी लागते. मिरचीचा इतिहास माळ्यांच्या मळ्यांचा आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा आहे, परसाचा नाही, असे कुणी म्हणेल. ब्याडगी, संकेश्वर, भिवापूर, नंदुरबार ही नावे बाजारांनी मोठी केली. सोलापुरात वर्षाचे तिखट करायला लाल मिरची पोत्याने विकत घेतात, आणि ती बरीचशी कर्नाटकातून येते. हे सगळे खरे आहे. रेल्वे सोलापूरला १८६०मध्ये आली, आणि १८८०च्या दशकात होटगीहून विजापूर-बागलकोटमार्गे गदगला लोहमार्ग गेला. होटगी याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. त्या मार्गाने धारवाडकडचा माल सोलापूरच्या पेठेशी जोडला गेला आणि लाल मिरची विकत घेणे सोपे झाले. पण ही हरकत कालक्रमात चुकते. बाजार मागणी पुरवतो, ती शून्यातून निर्माण करत नाही. रेल्वे येण्यापूर्वीच्या तीन शतकांत तिखटाची सवय कुणी लावली? मिऱ्याला विसरून घराघराचे तोंड मिरचीला सरावले, तेव्हाच तिचे पोते विकत घेण्याजोगे झाले. मळ्याची गोष्टही तशीच. मिरची थेट शेतात पेरण्यापेक्षा तिचे रोप वाफ्यात करून महिना-सव्वा महिन्याने लावतात. बी राखणे, रोप वाढवणे, त्याला सकाळ-संध्याकाळ शिंपणे, कोंबड्यांपासून जपणे हे काम दाराशीच होते. मळा मोठा झाला तरी त्याची नर्सरी परसातच राहिली. माझा दावा बाजाराला नाकारण्याचा नाही. लाल मिरची बाजाराची आणि हिरवी परसाची अशी वाटणी पुढे झाली, आणि त्या वाटणीच्या आधी दोन्ही परसाच्या होत्या, एवढाच तो आहे.

आणखी एक लोकप्रिय स्पष्टीकरण तपासायला हवे: गरम हवेत अन्न लवकर नासते, तिखट जंतू मारते, म्हणून उष्ण मुलखातले लोक तिखट खातात. बिलिंग आणि शर्मन यांनी १९९८ साली हा विचार जगभरच्या पाककृतींच्या आधारे मांडला. २०२१ साली लिंडेल ब्रोमहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० पाकपरंपरांतल्या ३३,७५० पाककृती तपासल्या आणि या विचाराला फारसा आधार उरत नाही असा निष्कर्ष काढला. मंद्रूपकडे पाहूनही तेच म्हणता येते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाळवणे हे इथले टिकाऊ पदार्थ पाणी काढून टाकल्यामुळे टिकतात. शिवाय उष्णता मिरचीच्या आधीही होतीच. खरे कारण ताटात आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे पातळ वरण, कधी रानभाजी, असे एकसुरी जेवण ज्यांना वर्षभर काढायचे होते त्यांना थोडक्यात जास्त चव देणारे तोंडीलावणे हवे होते. मिठाबरोबर ठेचलेल्या दोन हिरव्या मिरच्या ते काम करतात. त्यात पोषणही आहे. हंगेरीच्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळवले ते मिरचीच्याच जातीतून, आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळाले. हिरव्या मिरचीत हे जीवनसत्त्व भरपूर असते, आणि धान्य-डाळींतले लोह शरीरात शोषले जायला ते मदत करते. फळे क्वचित दिसणाऱ्या कोरडवाहू घरात या गोष्टीला मोल होते.

परसाने पाकशास्त्रालाही आकार दिला. झाडाच्या प्रत्येक अवस्थेसाठी या पट्ट्यात वेगळा पदार्थ आहे. कोवळ्या हिरव्या मिरचीचा खर्डा. थोड्या जाड मिरचीत मसाला भरून, उन्हात वाळवून सांडगी मिरची. ओल्या लाल मिरचीचा रंजका, जो भीमेच्या दोन्ही काठांवर, मराठी आणि कानडी दोन्ही घरांत, सारख्याच आवडीने होतो. पूर्ण वाळलेल्या मिरचीचे लाल तिखट आणि मसाले भाजून केलेले काळे तिखट. ओली लाल मिरची फार दिवस टिकत नाही, म्हणून रंजका हा मुळात झाड दाराशी असणाऱ्यांचा पदार्थ. सोलापूरची ओळख म्हणून देशभर जाणारी शेंगाचटणी तर दोन अमेरिकी वनस्पतींची भेट आहे. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही तिकडचे, लसूण आणि जिरे आपले, आणि उखळात कुटून तेल सुटेपर्यंत एकजीव करण्याची रीत इथली. वेळ अमावास्येला सीमाभागातली घरे शेतात जाऊन भज्जी, आंबिल आणि उंडे यांचा नैवेद्य दाखवतात. त्या मिसळीच्या भाजीतही आता मिरचीचाच तिखटपणा असतो. परक्या वस्तूने इतके घर करावे याचे श्रेय ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या रोपली, निवडली आणि ठेचली त्या बायकांना आहे. त्यांची नावे कुठल्याही दफ्तरात नाहीत.

विसाव्या शतकात शास्त्राने या मुलखाच्या पिकांकडे लक्ष दिले तेव्हाही काळी पुढे आणि पांढरी मागे राहिली. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. याच जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेल्या मालदांडी ३५-१ या शाळूच्या वाणाने अर्धा दख्खन व्यापला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे काम थोर आहे. मिरचीच्या बाबतीतही दिल्लीहून पुसा ज्वाला आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून फुले ज्योती आणि अग्निरेखा यांसारखे चांगले वाण आले. पण परसातल्या वाणांची निवड, नोंद आणि जपणूक हे काम कुणाचेच झाले नाही. १९८०च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले, भीमेकाठी ऊस वाढला, नंतर द्राक्षे आणि डाळिंब आले. माळवदाच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे आली, परसावर फरशी पडली, न्हाणीचे पाणी गटारात गेले. शेतात मिरची लावणारे संकरित रोप नर्सरीतून विकत आणू लागले. संकरित वाणाचे बी राखले तर पुढच्या पिढीत झाडे मूळ झाडासारखी येत नाहीत, त्यामुळे राखण्याची सवयच सुटली.

संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले, मग जुन्या वाणांसाठी हळहळ कशाला, ही शेवटची हरकत. विकण्यासाठी मिरची लावणाऱ्या शेतकऱ्याने जास्त उत्पन्नाचा वाण निवडावा, हे योग्यच आहे. पण परस ही विक्रीची जागा नाही. तिथे उत्पन्नापेक्षा सातत्य, चव आणि स्वतःचे बी यांना किंमत आहे. आणि परसाचा उपयोग शेतालाही होतो. आज बोकड्या म्हणजे पाने आकसण्याचा रोग आणि फुलकिडे मिरचीच्या शेतांचे कंबरडे मोडत आहेत. उष्णता, ओढ आणि कीड सोसून एखाद्या परसात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या झाडात जे गुण आहेत ते उद्याच्या वाणासाठी लागणारच. नगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती घरातच गावरान बियांची बँक उभी केल्याबद्दल. गोव्याने काणकोणच्या खोला मिरचीला आणि विदर्भाने भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळवले. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे ३९वे कलम शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क देते, आणि शेतकऱ्याला आपला वाण नोंदवण्याची सोयही त्या कायद्यात आहे. कायदा बाजूने आहे आणि उदाहरणे समोर आहेत. उणीव आहे ती परसाला इतिहासाची आणि शेतीची जागा मानण्याची.

म्हणून मंद्रूप आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. ज्या घरात अजून राखलेल्या बियांची मिरची आहे, तिथल्या वडीलधाऱ्या बाईंना विचारून त्या वाणाचे नाव, ते घरात कुठून आले आणि ते कशासाठी वापरतात हे लिहून ठेवा. बी राखायचे असेल तर निरोगी झाडाची, भर बहरातली दोन-चार फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. ढोबळी किंवा दुसऱ्या जातीची मिरची जवळ असेल तर फुले उमलण्याआधी त्या फांदीला पातळ कापडाची पिशवी बांधा, म्हणजे मधमाश्यांमुळे संकर होणार नाही. फळे सावलीत वाळवा, बी काढून राखेत कोरडे ठेवा आणि त्यातले निम्मे शेजारच्या घरी द्या. गावच्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग असेल, बचतगटाने राज्य सरकारच्या उमेद अभियानाच्या परसबाग मोहिमेत भाग घेतला असेल, तर विकतच्या पाकिटाबरोबर गावातल्या एका तरी घरचे बी तिथे लावा. या मुलखाला तिखट दिले ते पांढरीने. ते टिकवण्याची जबाबदारीही आता पांढरीत राहणाऱ्या आपल्या सर्वांची आहे.